तीन महिन्यांची सुई आणि उकडीच्या भाकऱ्या

९ ऑक्टो., बुध.
सु.ला सरकारी दवाखान्यात नेलं. तीन महिन्यांची सुई घेतली, दंडात. आमच्या दोन मुलींनंतर गेल्या वर्षी तिचा गर्भ पडला तेव्हा गेलेलं रक्त अजून भरून आलेलं नाही, आणि पुन्हा दिवस राहिले तर तिला झेपायचं नाही. ऑपरेशनचं विचारलं, तर आधी रक्त वाढू दे म्हणतात. तोवर सुई.

घरी आल्यावर मिठाची पुरचुंडी तव्यावर गरम केली, दंड शेकायला. सु. : "नको. सिस्टर बोलल्यात, चोळायचं नाय, शेकायचं नाय." का, ते विचारून आली नाही. मला विचारावं लागलं नाही. बेअरिंगमधलं ग्रीस एकदम वितळून गेलं तर उपयोग काय? औषध दंडातून हळूहळू झिरपायला हवं. शेकलं की लवकर संपणार. कागदावर आकृती काढून दाखवली. औषध रक्तात, तिथून डोक्याला निरोप, म्हणून अंडं सुटतच नाही. शिवाय गर्भपिशवीच्या तोंडाशी स्राव घट्ट होतो, वाट बंद.
सु. : "मी काय मोटर हाय?"
आकृती मात्र बरोबर आली होती.

२७ ऑक्टो., रवि.
सु.ला डाग दिसू लागले. पाळीची वेळ नसताना. सिस्टरनी आधीच सांगितलेलं, सुरुवातीला असं होतं, फार जाऊ लागलं तर या. लोहाच्या गोळ्या चालू.
पण आईचा नियम आहे, रक्त थांबेपर्यंत बाहेर बसायचं. सु. पडवीत बसली. चूल, पाण्याचा हंडा, देव, कशाला हात लावायचा नाही. आईचे गुडघे गेलेले, चुलीपुढे बसवत नाही. दोघी मुली शहापूरला होस्टेलवर. राहिलो मी.
दुपारी मोटर दुरुस्तीच्या गाळ्यावरून येऊन भात टाकला. खाली लागला.

१ नोव्हें., शुक्र. लक्ष्मीपूजन
डाग चालूच. पणत्या मी लावल्या. चकल्या मीच पाडल्या, सगळ्या तुटल्या. मोहन कमी.
आईला शांतपणे समजावलं : ही पाळी नव्हे. पाळीत पिशवीचं अस्तर सुटून बाहेर येतं. या औषधानं ते अस्तर पातळ होतं, म्हणून अधेमधे ठिपके. दोन्ही गोष्टी वेगळ्या.
आई : "रगात ते रगात. तू वायरी जोड."

१७ नोव्हें., रवि.
भातझोडणी उरकली. अंग आंबलंय. सकाळी भाकऱ्या, मग गाळा, संध्याकाळी पुन्हा भाकऱ्या. तांदळाच्या पिठाला उकड काढायची, हात पोळत मळायची, मग थापायची. माझी भाकरी कडेला फाटते. आई खाटेवरून, "पानी कमी. आता जास्ती." मी म्हटलं, पीठ जितकं, पाणी तितकंच घेतलंय, मापानं. आई : "माप भांड्याला असतं, पिठाला नाय. नवा तांदूळ हाय तो."
ते खरं निघालं. नव्या तांदळाला पाणी कमी लागतं. हे कुठल्याच पुस्तकात वाचलं नव्हतं.
सु. पडवीतून सगळं ऐकत होती. हसली असावी.

८ डिसें., रवि.
डाग अजून चालूच, सु. म्हणते. कधी डोकं दुखतं. आई रोज नवं काढते. सुईनं बाई फुगते, सुईनं वांझ होते. सांगितलं की वांझ होत नाही. सोडल्यावर पाळी मार्गावर यायला आणि दिवस राहायला वेळ लागतो एवढंच, वर्षभरही लागू शकतो. हे सांगायला नको होतं. आई लगेच, "म्हंजे सोडली तर होईल ना? मंग सोड." तिला नातू हवा आहे. म्हसा गावच्या देवाला नवस बोलून बसली आहे. यंदा तिथल्या जत्रेत सु.नं स्वतःच्या हातानं नारळ ठेवायचा, असं तिचं ठरलेलं आहे.
सु.समोर हा विषय निघाला की ती पडवीतल्या पडवीत पाठ फिरवते.

२२ डिसें., रवि.
वालाच्या शेंगा आल्या. सु. पडवीत बसून सोलत होती, काहीतरी गुणगुणत. चेहरा बरा दिसतो. गोळ्यांचा परिणाम असणार. माझा चेहरा मात्र उतरलाय. गाळ्यात गिऱ्हाईक म्हणालं, "मास्तर, आजारी होता काय?" काल एका पंपाचं वाइंडिंग, तारेचे वेढे, उलटं भरलं. वीस वर्षांत असं झालेलं नाही. सगळं उपसून परत भरलं.
विचार करून ठरवलं. सुई पुरे. इतका काळ रक्त जात असेल तर रक्त वाढणार कसं? पुढची तारीख ९ जाने. सिस्टरना नीट मुद्दे मांडून सांगेन. दुसरा काही उपाय विचारू.

९ जाने., गुरु.
दवाखाना. मुद्दे मांडले. अडीच महिने रक्तस्राव, आधीच अशक्त, सबब ही पद्धत हिला योग्य नाही. सिस्टर ऐकून घेत होत्या. मग माझ्याकडे न बघता सु.ला विचारलं, "अजून जातंय का गं?"
सु. जमिनीकडे बघत होती. मग म्हणाली, "नाय. थांबलंय."
"कधीपासून?"
"झाले की बरेच दिस. दत्तजयंतीच्या आधीच." आणि दंडावरची बाही स्वतःच वर केली. "द्या तुमी."
सिस्टर म्हणाल्या, पाळी पूर्ण थांबली तरी घाबरायचं नाही, पोटात रक्त साचत बिचत नाही. अस्तर तयारच होत नाही तर येणार काय? उलट वाचलेलं रक्त अंगी लागतं. दूध, नाचणी खायला सांगितली, हाडांसाठी. तपासून सुई दिली. मी मुद्द्यांचा कागद घडी करून खिशात ठेवला.

परतीच्या एसटीत विचारलं, मग पडवीत का बसून होतीस?
ती खिडकीबाहेर बघत होती. मग, "लग्न झाल्यापासून कंदी बसले होते का मी अशी? चार दिसांच्या वर?"
नंतर किन्हवलीचा थांबा यायच्या जरा आधी, "आनि थांबलं म्हनून सांगितलं असतं, तर आईंनी नारळ दिला असता हातात. पोर दे म्हनून देवाला मी कसं सांगू? मला नकोय."
उतरताना : "तुमाला सांगायचंच असंल, तर आईंना आकृती काढून दाखवा."

१० जाने., शुक्र.
सु. पडवीतच. मी चुलीपुढे. आईला अजून काही बोललो नाही.
दिवसभर तेच डोक्यात. मी चुकीचं माप कुणाला दिलेलं नाही. गिऱ्हाइकाची मोटर जळली असेल तर जळली म्हणून सांगतो, आणि माझ्याच हातून जळली तर तेही. खोटं बोलता येत नाही असं नाही, सवय नाही.
भाकरी आज फाटली नाही.

१२ जाने., रवि.
उद्यापासून जत्रा. शेजारचे टेम्पोनं निघणार आहेत, घोंगड्या घ्यायच्या आहेत त्यांना. आईनं शेंडीचा नारळ पुसून ठेवला. संध्याकाळी मी उकड मळत असताना काठी टेकत चुलीपाशी आली, गुडघे दुखत असूनही.
"खरं सांग रं. थांबलं का तिचं? त्या सुईचं तुलाच सगळं ठावं."
पडवीत वाल सोलण्याचा आवाज थांबला.
हात मनगटापर्यंत पिठात. म्हटलं, "आई, उकड निवते. आधी थापू दे."
शेवटची भाकरी उतरेपर्यंत आई तिथंच उभी होती. मग म्हणाली, "बरं. सकाळी सांग. टेम्पो निघायच्या आत." नारळ पिठाच्या डब्यावर ठेवला आणि खाटेवर जाऊन पडली.
जेवणं झाली. सु.चं ताट पडवीत नेऊन दिलं. तिनं भाकरी उलटून बघितली, कडा बघितल्या. "जमायला लागली की," एवढंच.
सकाळच्या भाकऱ्याही मीच थापणार, पीठ चाळायचं राहिलं होतं. नारळ उचलून बाजूला ठेवला, डबा उघडला.