शेवटच्या ओळीतली चाकं

अलिंग बेबांगची खाणावळ,
धावपट्टीच्या कुंपणाबाहेर, बातांगास

प्रिय आणि आदरणीय दित्से मामेंग,

तुझा उजवा हात माझ्या कपाळाला लावला आहे असं समजून वाच. समुद्रापलीकडून हात पोचत नाही, पण धाकट्या भावाने थोरल्या बहिणीपुढे वाकायचं ते मी वाकलो आहे. (मनातल्या मनात. खरंच वाकलो तर या अरुंद बाकावरून मला उठवायला कुंपणावरचा पहारेकरी बोलवावा लागेल.) तिकडे मारिंदुकेला भट्टी वेळेवर पेटते ना? पाव अजून उजाडायच्या आतच संपतात ना? माझं म्हणशील तर दात सोडून सगळं ठीक आहे, आणि दातांचं काय, जे गेले त्यांची तक्रार नाही.

तुझी चिठ्ठी मिळाली. पावाच्या पिशवीच्या पाठीवर लिहिलेली होती, अजून लोण्याचा वास येत होता, त्यामुळे वाचायच्या आधी मी ती बराच वेळ नुसती हुंगली. मजकूर मात्र तुझ्या स्वभावाला धरून. 'नात पास होतेय का? होत नसेल तर घरी पाठव, भट्टीला हात हवेत. सियानो, कविता नको, उत्तर दे.' देतो. उत्तरासाठीच बसलो आहे. पण दित्से, काही उत्तरांना अंगण ओलांडून यावं लागतं, एकदम दारात उभी केली की ती घाबरतात. माझंही तसंच आहे.

तर तुझ्या नातीचं, निंगनिंगचं, विमान शिकायचं दुसरं सत्र सुरू झालं. या सत्रात अर्धा दिवस वर्ग आणि अर्धा दिवस विमान. वर्गात हवामान आहे, दिशा शोधणं आहे, हवा पंखाला कशी उचलते त्याचं गणित आहे. रविवारी सुटी मिळाली की पोरगी गणवेशातच माझ्याकडे येते, जेवते, भांडी घासते आणि आठवड्याचा सगळा अभ्यास मला समजावून सांगते. दुसऱ्याला शिकवलं की स्वतःला पक्कं होतं, असं त्यांच्या शिक्षकांचं म्हणणं. म्हणजे चाळीस वर्षं मास्तरकी केलेला तुझा भाऊ आता लष्करी विद्यालयाचा विद्यार्थी आहे, आणि सांगायला लाज वाटते, पण मागच्या बाकावरचा आहे. ढगांच्या धड्यात मी खिडकीबाहेर बोट दाखवून म्हणालो, तो बघ, शेवरीचं बोंड उकलून कापूस सांडावा तसा! तर या आजोबालाच म्हणते कशी, "लोलो, त्या कापसाच्या पोटात शिरलं ना, की पंख मोडून हातात येतात." तेव्हापासून मी ढगांकडे जरा बिचकूनच बघतो. पण रोग लागायचा तो लागलाच. पुढच्या आठवड्यात उडताना तिच्या शिक्षकाने, कॅप्टन इलागानने, दक्षिणेला कसले ढग दिसतात म्हणून विचारलं, आणि तुझी नात रेडिओवरून सगळ्या तळाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "सर, चिखलात लोळणाऱ्या म्हशींचे." कॅप्टनने शांतपणे विचारलं, "आणि या म्हशी किती उंचीवर आहेत, कॅडेट?" त्या दिवशी तिला मैदानाभोवती पळायची शिक्षा झाली. पळताना तिला हाक मारण्याऐवजी पोरं हंबरत होती म्हणे.

मी तेव्हाच गप्प बसायला हवं होतं. पण दित्से, तू मला ओळखतेस.

या मुलांची एक पद्धत आहे. विमान सगळ्यांना पुरत नाही, म्हणून ती खुर्चीवर उडतात. डोळे मिटायचे, हातात काहीतरी दांडा धरायचा, आणि सबंध उड्डाण बसल्या जागी करायचं. माझ्या घरी दोन वेताच्या खुर्च्या एकामागे एक मांडल्या जातात. पुढे निंगनिंग, हातात डाळ घोटायचा दांडा; मागे शिक्षक म्हणून मी. मी फक्त 'आता उतर' म्हणायचं, आणि तिने उतरण्याआधीची चार कामं ओळीने सांगायची: इंधन किती ते पाहणं, इंजिनाच्या मिश्रणाचा दांडा पुढे सारणं, पंखांच्या मागच्या झडपा सोडणं, आणि पोटात मिटलेली चाकं खाली काढणं. सोपं आहे. पण डोळे मिटले की मला आपली शाळा दिसते. समुद्राकडच्या भिंतीला खिडकीच नव्हती, आठवतं? आपण ओरडून कविता म्हणायचो आणि लाट मधेच ठेका धरायची, आणि मास्तर सहाव्या अक्षराला बांबूची छडी बाकावर आपटायचे, तिथे श्वास घ्यायचा. तिथे श्वास घ्यायला मी अजून विसरत नाही. त्या तंद्रीत मी मागच्या खुर्चीवरून तळ्यावर, नारळीच्या रांगांवर, आपल्या बेटापर्यंत जाऊन यायचो, आणि पुढून आवाज यायचा, "लोलो, आपण कधीच उतरायला हवं होतं. आता इंधन संपलं."

अशी दोनचार वेळा आम्ही दोघं मेल्यावर मी तिला मदत करायचं ठरवलं. कोरडी कामं पोरीच्या ध्यानात राहत नव्हती. म्हटलं, जे छंदात बसतं ते मरेपर्यंत विसरत नाही, माझ्याकडे बघा. मग बसलो आणि आठ ओळी रचल्या. पहिल्या चारांत नमन (आकाशाला, आईला, बेटाला आणि उरलेली एक ओळ शिक्षकांना), आणि पुढच्या चारांत काम:

गगनकुमारी, पाही तेलटाकी,
मिश्रणाचा दांडा पुढे नीट राखी,
पंखांचे पदर उलगड बाकी,
आणि मग हळू उतरव चाकी!

वाईट नाही ना? बारा अक्षरं, सहाव्याला श्वास. निंगनिंगने एका दुपारी पाठ केली. मी इतका खूश झालो की शेजाऱ्यांना कॉफी पाजली.

आता उत्तराच्या जवळ येतो आहे, जरा धीर धर. मागच्या महिन्यात तिची परीक्षा झाली. शिक्षक मागे बसतो, ती विमान घेऊन उतरते, जमलं तर पुढच्या खेपेला एकटी. पोरगी सुरेख उतरत होती. मनात कविता चालू होती. नमन झालं, तेलटाकी झाली, इतक्यात टॉवरवरून कुणीतरी काही विचारलं. तिने उत्तर दिलं. आणि दित्से, पाठ केलेली कविता कुणी मधेच तोडली तर माणूस काय करतो? पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो! तू, मी, आपल्या वर्गातलं एकेक पोर हेच करायचं. ती परत आकाशाला नमन करू लागली. आईपर्यंत आली तर टॉवरने पुन्हा विचारलं. पुन्हा आकाश. खाली धावपट्टी मोठीमोठी होत होती, वर तुझी नात तिसऱ्यांदा आकाशाला वंदन करत होती, आणि चाकं शेवटच्या ओळीत. कॅप्टन इलागानने तिच्या हातातून विमान काढून घेतलं आणि वर उचललं. नापास. आणखी एक संधी. तीही गेली तर विमान बंद, आयुष्यभर कोठारात ब्लँकेटं मोजायची. हे मी तुला कळवलं नाही. लिहायला बसायचो, आणि पत्र हवापाण्यावरच संपायचं.

पुढच्या रविवारी निंगनिंगच्या मागोमाग कॅप्टन स्वतः दारात हजर. बारीक, इस्त्रीचा माणूस. कॉफी घेतली, घोट घेऊन कप खाली ठेवला, आणि मला म्हणाला, "मास्तर, पुढच्या खुर्चीवर बसा." बसलो. माझ्या हातात घोटणी दिली. स्वतः मागे बसला. "उतरा." मी खणखणीत आवाजात नमन सुरू केलं. आईवर आलो तर हा मागून म्हणतो, "टॉवर बोलतोय. मास्तर, दुपारी काय जेवलात?" म्हटलं, मासा. आणि दित्से, शरमेने सांगतो, मी परत आकाशापासून सुरू केलं. दुसऱ्यांदा त्याने माशाचं नाव विचारलं. तिसऱ्यांदा भाव. मी तीन वेळा माझ्याच कॉफीच्या झाडांत कोसळलो. निंगनिंग स्वयंपाकघराच्या दारात तोंडात पदराचा बोळा कोंबावा तसा हातरुमाल कोंबून उभी होती. कॅप्टन म्हणाला, "आणि ते 'हळू' कशासाठी? चाकं हळू काढायची, हे कुठल्या पुस्तकात आहे?" मी म्हटलं, दोन अक्षरं कमी पडत होती. त्याने घोटणी माझ्या हातातून काढून घेतली. मग म्हणाला, "मास्तर, दोन अक्षरांसाठी मी माझ्या बायकोला विधवा करणार नाही."

नमन कापलं. (कापताना किती रक्त आलं ते विचारू नकोस.) राहिलेल्या चार ओळींसाठी मीच तोड काढली. एकेक ओळ एकेका जागेला बांधून टाकली. उतरायच्या वाटेवर आधी चर्च येतं, तिथे तेलटाकी. मग नारळतेलाची गिरणी, तिथे मिश्रण. मग दफनभूमी, माझ्या बायकोच्या, ओरिंगच्या डोक्यावर, तिथे झडपा. आणि शेवटी या अलिंग बेबांगच्या खाणावळीचा पत्रा, तिथे चाकं. मधे कुणी कितीही बोललं तरी खाली बघायचं, जी जागा दिसेल ती ओळ. गेले दोन रविवार निंगनिंगने मला हे खुर्चीवर म्हणून दाखवलं, एकदाही चुकली नाही. मी मधे मासे विचारले, भाव विचारले, तरी नाही.

आता खरं सांगतो. ही शेवटची संधी आज आहे. आत्ता आहे. काल कॅप्टनला मागे बसवून ती नीट उतरली, म्हणून आज तो गवतात उभा आहे आणि ती एकटी वर गेली आहे, आणि मी वर बघवत नाही म्हणून तुला पत्र लिहितो आहे. आणि दित्से, आज पहाटे वारा फिरला! पावसाळ्याचा नैर्ऋत्येचा गेला, ईशान्येचा आला. विमानाला वाऱ्याकडे तोंड करूनच उतरावं लागतं, म्हणजे आज ती दुसऱ्या टोकाने येणार. तिकडे चर्च नाही, गिरणी नाही. तिकडे नुसता ऊस! वारा फिरतो हे मला सत्तर वर्षं माहीत आहे, त्याच्यावर मी कविता केल्या आहेत, आणि ओळी जमिनीला बांधताना हे एकदाही डोक्यात आलं नाही. मघाशी पळत कुंपणापर्यंत गेलो. पहारेकऱ्याला म्हटलं, तिला रेडिओवरून सांगा, उसात चाकं! तो म्हणाला, "लोलो, सावलीत बसा."

बेबांग म्हणते आहे, "मास्तर, वाडग्यातली लोमी गार झाली. आणि लिहिताय काय एवढं, इच्छापत्र?" म्हटलं, बहिणीला पत्र. "मग वर बघा की, वळतंय विमान." मी म्हटलं, तूच बघ, मला सांग. ती पळी हातात घेऊन बाहेर गेली आहे. उसावर आलं, म्हणते. खूप खाली आलं, म्हणते. बेबांग, चाकं? चाकं दिसतात का? "थांबा हो, सूर्य डोळ्यांवर येतोय." दित्से, तुझ्या प्रश्नाचं उत्तर या बाईच्या डोळ्यांत आहे आणि ती पळीने सावली करते आहे.

तिन्ही चाकं. तिन्ही बाहेर. टेकली.

लोमी पत्रावर सांडली, हे डाग तिचेच. तुझा, आणि आता काही सुचत नसलेला,
सियानो

ता. क. पास. हे आधीच लिहायला हवं होतं, पण बेबांगला मिठी मारताना राहून गेलं. (तिने पळी मारली.)

ता. क. दोन. निंगनिंग कुंपणापाशी येऊन भेटून गेली. मी विचारलं, चर्च नव्हतं, गिरणी नव्हती, मग उसावर ओळी कशा आठवल्यास? ती बुटाकडे बघायला लागली. मग म्हणाली, "रागावू नका लोलो. नापास झाले त्याच रात्री मी तुमची कविता सोडली. रविवारी म्हणायचे ती तुम्हाला बरं वाटावं म्हणून." मग काय म्हणतेस? तर म्हणे, लहानपणी शाळेला निघताना लोला, म्हणजे तू, दार अडवून विचारायची ते. छत्री? रुमाल? डबा? गाडीभाडं? एकेक वस्तू हातात धरून दाखवल्याशिवाय सोडायची नाही. मधे गिऱ्हाईक आलं तर पाव द्यायची, सुटे द्यायची, आणि रुमालावर थांबली असेल तर डब्यापासून पुढे विचारायची. कधी परत छत्रीवर गेली नाही. तशीच ही एकेका दांड्याला हात लावून पुढे सरकते. "आणि भाडं नसेल तर गाडीतून उतरू देत नाहीत, लोलो. म्हणजे चाकं." कॅप्टनला हे ठाऊक आहे. त्याला तुझं नाव हवं आहे, वर्गात सांगायला. सत्तर वर्षं मी या भाषेतली सुंदर वाक्यं गोळा करत हिंडलो, आणि सगळ्यात उपयोगी चार शब्द तू पावाच्या पिठात हात घालून रोज फुकट वाटत होतीस. मला आज जेवण जाणार नाही.

ता. क. तीन. पत्राचं मुख्य काम राहिलंच. एकट्याने पहिल्यांदा उतरलेल्या कॅडेटवर येत्या रविवारी सगळ्यांसमोर बादलीभर पाणी ओततात, आणि पहिला तांब्या कुणी ओतायचा ते कॅडेटने सांगायचं असतं. मी सदरा धुवायला टाकला होता. तिने तुझं नाव दिलं. भट्टी दोन दिवस विझली तर बेट उपाशी मरणार नाही. ये. तुला विमान बघवणार नाही हे मी तिला सांगितलं, तर म्हणाली, "लोलाला कळवा, घाबरायचं काही नाही. तेव्हा मी जमिनीवरच उभी असेन."