शेल्यावरचा डाग आणि प्रक्षालनशक्ती

पिपलानी, भोपाळ
भाद्रपद वद्य तृतीया

सौभाग्यवती वसुधावहिनींस,

मनोरमेचा साष्टांग नमस्कार. मोठ्या जावेला तो घालायचाच असतो, मधे काहीही झालेले असो. मोठ्या भाऊजींचा गुडघा कसा आहे? निर्गुडीचा पाला गरम करून बांधावा. डॉक्टरही शेवटी तिथेच येतात. इकडे देवीच्या कृपेने सर्व क्षेम आहे. यांना सर्दी आहे, पण ती कारखान्यात लागल्यापासूनच आहे.

पत्रास कारण देवीचा शेला. यंदा नवरात्र तुमच्याकडे, तेव्हा एक वर्ष तुमचे, एक वर्ष माझे या सासूबाईंनी घालून दिलेल्या रीतीप्रमाणे शेला नागपूरला यायला हवा. त्याच्या पदरावरचा डाग तुम्हाला ठाऊक आहेच. अकरा वर्षांपूर्वी हे दौऱ्याहून परतताना तुमच्याकडून शेला घेऊन आले, मी तो देवापुढे उलगडला आणि गोंड्यांपाशी अधेलीएवढा तेलाचा डाग दिसला. तेव्हा मी तुम्हाला जे पत्र लिहिले (आमच्याकडे देवाची वस्त्रे समईपासून हातभर लांब ठेवतात, वगैरे) ते थोडे कडक झाले असेल. तुमचे उलट टपाली एकच वाक्य आले, की आमच्याकडून शेला स्वच्छच गेला होता. त्यानंतर अष्टमीला ना तुम्ही माझ्या दारी आलात ना मी तुमच्या. ओटीचे नारळ तेवढे येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर प्रवास करतात. अकरा वर्षांत मी त्या डागाला पाणीसुद्धा लावले नाही. खोटे कशाला लिहू, पुरावा म्हणून ठेवला होता.

पण यंदा चातुर्मासात काय सोडावे हा प्रश्न पडला. वांगे, कांदा, लसूण दरवर्षी सोडतेच. म्हणून यंदा मी तो विषय सोडला. (नेम कार्तिकी एकादशीपर्यंतच असतो, हे तुम्हालाही माहीत आहे.) विषय सोडायचा तर डागही काढावा, असे मनात आले. शेजारच्या मंगलाताईंनी सोसायटीच्या भांडारात आलेली एक नवी पावडर सुचवली. फेस इतका की बादली दिसेनाशी होते, म्हणाल्या. शेल्याला एकदम लावण्याचा अविचार मी केला नाही. आधी यांचा पांढरा सदरा आणि सिगडीचे फडके एकाच बादलीत भिजवले. दोन वेळा पावडर कशाला वाया घालवायची? फेस बादलीतून मोरीत, मोरीतून व्हरांड्यात आणि तिथून जिन्यावर गेला. वरच्या क्वार्टरमधले केशवराव तेवढ्यात खाली उतरत होते. शेवटच्या चार पायऱ्या ते बसूनच उतरले. सदरा मात्र बाहेर निघाला तो एकसारख्या राखेच्या रंगाचा. तसा डाग कुठेच नव्हता.

केशवराव कारखान्याच्या प्रयोगशाळेत रसायने तपासतात. मी दिलेली हळद कोपराला लावत त्यांनी मला जे सांगितले ते मी धोब्याच्या वहीत शेवटच्या पानावर उतरून घेतले आहे. धुण्याच्या पदार्थाच्या अंगी मळ काढण्याचे जे सामर्थ्य असते त्याला इंग्रजीत डिटर्जन्सी म्हणतात. मराठीत प्रक्षालनशक्ती म्हणावे. तिचा फेसाशी संबंध नाही. (मी सत्तावीस वर्षे फेस पाहून साबण घेत आले, वहिनी.) तिची कामे तीन. पाण्याला कापडाच्या पोटात शिरू देणे, मळाची पकड सोडवणे, आणि सुटलेला मळ पाण्यातच धरून ठेवणे, म्हणजे तो पुन्हा कापडावर येऊन बसत नाही. माझ्या पावडरीला पहिली दोन जमली, तिसरे जमले नाही, म्हणून फडक्याचा मळ सदऱ्यावर बसला. शिवाय नुसत्या पावडरीची प्रक्षालनशक्ती सांगणे हे अर्धवट बोलणे आहे. कोणत्या पाण्यात, कोणत्या कापडावर, कोणत्या मळाविरुद्ध, हेही सांगावे लागते. ऐकून मला वाटले, हे कीर्तनात सांगण्यासारखे आहे. सोडवलेला मळ परत बसू न देणे हीच खरी क्षमा. मी तुम्हाला दरवर्षी मनातून क्षमा करत असे, आणि दर पाळीला शेला उलगडला की तोच मळ माझ्यावर पुन्हा बसत असे.

मग त्यांच्या सांगण्यावरून मी परीक्षा घेतली. जुन्या धोतराचे चार तुकडे केले, प्रत्येकावर समईचे तिळाचे तेल आणि काजळी सारखी चोपडली, आणि एकेक तुकडा पावडर, साबणाची वडी, शिकेकाई आणि रिठा यांत धुवायचा ठरवला. ओळखू यावेत म्हणून एकाला एक गाठ, दुसऱ्याला दोन, असे करत चारही तुकडे तेल मुरायला व्हरांड्यातल्या दोरीवर टांगले. त्या दिवशी नेमकी अमावास्या, हे माझ्या ध्यानात आले नाही. समोरच्या शुक्लाबाई फाटकाबाहेरूनच म्हणाल्या, भाभीजी, किसने कराया है? (त्यांना ती करणी वाटली.) दूधवाल्याने दूध कोपऱ्यावरच्या कडुनिंबाखाली ठेवायला सुरुवात केली. मी त्यांना प्रक्षालनशक्ती समजावून सांगितली, तर त्याने भीती आणखी वाढली.

परीक्षेत रिठा पहिला आला, तेव्हा त्याचेच पाणी थेंब थेंब करून शेल्याच्या डागावर सोडले. तीन दिवस सोडले. डाग जागचा हलला नाही. केशवराव म्हणाले, तिळाचे तेल रिठ्याने काढले ना? मग हे कोणते, ते पाहू. गोंड्याचा डागाळलेला एक धागा मी त्यांना तुळशीचे पाणी शिंपडून दिला आहे. तो निकाल काय यायचा तो येवो. मी मात्र आपल्यापुरते सांगते, की डाग निघो न निघो, मी तुम्हाला या खेपेस पूर्ण, तिन्ही कामांसह, क्षमा केली आहे. मोठ्या भाऊजींना नमस्कार. शेला कोणी नागपूरला जाणारे मिळाले की पाठवते.

आपली धाकटी जाऊ,
मनोरमा

ता. क. पत्र टाकायचे राहिले होते. आज संध्याकाळी केशवराव आले. प्रयोगशाळेतल्या जांभळ्या दिव्याखाली धागा निळा चमकला. ते समईचे तेल नाही. यांच्या कारखान्यात बनतात त्या ट्रान्सफॉर्मरमध्ये ओततात ते तेल आहे. नागपुरात तुमच्या स्वयंपाकघरात ट्रान्सफॉर्मर नाही, हे मला माहीत आहे. यांना विचारले, तर शेंगा सोलता सोलता म्हणाले, अगं, त्याच पिशवीत माझे दौऱ्यावरचे कामाचे कपडे होते की! अकरा वर्षांत हे का बोलला नाहीत, असे विचारले, तर म्हणाले, तू विचारलं कुठे? वर लिहिलेले खोडत नाही. आंतर्देशीय पत्र भरत आले आहे, आणि दुसरे घेऊन त्यावर सुधारून लिहिले असते तर मी उगाच शहाणी दिसले असते. क्षमेचे जे लिहिले ते पत्र उलटे धरून वाचावे.

ता. क. दुसरा. (घडीवर लिहीत आहे, जपून फोडावे.) शेला कोणाबरोबर पाठवत नाही. घटस्थापनेच्या आदल्या दिवशी मी स्वतः घेऊन येते. दार उघडाल ना? नसेल उघडायचे तर तसे कळवावे, म्हणजे मी पायरीवर बसण्याच्या तयारीने येईन. माझे ते अकरा वर्षांपूर्वीचे पत्र ठेवले असेल तर माझ्यासमोर मोठ्याने वाचावे.

ता. क. तिसरा. हा डाग काढणारे औषध केशवरावांनी दिले आहे. मी लावले नाही. कोरा शेला घेऊन आले असते, तर तुम्ही मोठ्या मनाने म्हणाला असतात, कसला डाग? आणि मीही म्हणाले असते, हो ना, कसला! म्हणून डाग तसाच आणते. आधी तुम्ही पोटभर बोला. मग दोघी मिळून काढू. (बाटली परत द्यायची आहे.)