उपऱ्याला एकांत हवा

२ मार्च, सकाळ
बायकोची बदली झाली म्हणून या गावात आलो, त्याला सहा महिने झाले. मी इथला नाही. उत्तम! चित्रकार उपराच हवा. आपलेपणा आला की चित्र बिघडतं. संकल्प : 'उपरा' ही चित्रमालिका. दहा मोठे कॅनव्हास. वाचनालयाचा हॉल मे महिन्यासाठी बुक केला. आजपासून कुणाशी फारसं बोलायचं नाही. बायको म्हणाली, माझ्यापासूनच सुरुवात कर.

३ मार्च
पहिला कॅनव्हास लावला. 'रिकामी खोली'. तेवढ्यात दार वाजलं. वरच्या मजल्यावरच्या काकू. त्यांचा गॅस संपला होता, दूध तापवायचं होतं. शिष्टाचार म्हणून दोन शब्द बोललो. दूध उतू गेलं.

१० मार्च
'रिकाम्या खोली'त खुर्ची आली. कॉम्पोझिशनची गरज. मग खुर्चीत काकू आल्या. कशा, ते कळलं नाही. पाठमोऱ्या आहेत, म्हणजे एकाकीपणाच.

२२ मार्च, संध्याकाळ
घरात एकांत नाही. म्हणून अंगणातल्या बाकावर परका होऊन बसलो. तळमजल्यावरचे मास्तर (रिटायर्ड, एकटेच राहतात) बुद्धिबळाचा पट घेऊन आले. स्पष्ट सांगितलं की मी इथला नाही. म्हणाले, बरं, मग काळी मोहरी तुमची. सगळे डाव हरलो. वेळ गेला असं मात्र नाही. माणसांपासून दूर राहायचं तर माणसं जवळून बघावी लागतात.

११ एप्रिल
मास्तर बाथरूममध्ये घसरून पडले. खुबा मोडला. त्यांना उचलून रिक्षात घातलं. हॉस्पिटलमध्ये नर्सने विचारलं, तुम्ही यांचे कोण? 'कुणीच नाही' म्हटलं तर आत सोडत नाहीत. म्हणून 'पुतण्या' म्हणालो. निव्वळ सोय. मास्तरांनी माझा हात घट्ट धरून ठेवला होता. उजवा. त्यामुळे स्केचिंग झालं नाही.

१५ एप्रिल
ऑपरेशन नीट झालं. बायको म्हणाली, तू रडलास. टर्पेंटाइनने डोळे चुरचुरतात, हे तिला इतकी वर्षं सांगतोय. हॉस्पिटलात टर्पेंटाइन कुठून, म्हणे.

६ मे
दहापैकी चार कॅनव्हास तयार. दर्जा महत्त्वाचा. चारही चित्रांत माणसं मावत नाहीयेत. उद्यापासून काही जणांना पुसायचं.

७ मे
कुणाला पुसणार? वाईट वाटेल.

१९ मे
उद्घाटन. अख्खी इमारत आली. मास्तर वॉकर घेऊन आले. काकूंनी स्वतःला पाठीवरून ओळखलं आणि चेहरा का नाही म्हणून रुसल्या. वर्तमानपत्राचे कलासमीक्षक कसेबसे आत शिरले. म्हणाले, चित्रांत उपरा कुठे दिसत नाही. खरं तर त्या हॉलमध्ये तेच एकटे उपरे होते. पण पाहुण्याला तसं कसं सांगणार?

२६ मे
इमारतीची मीटिंग. टाळणार होतो, खुर्च्या आमच्याकडच्याच होत्या म्हणून गेलो. कोपऱ्यात तटस्थ बसलो. सेक्रेटरी म्हणाले, रंगाच्या कामाला बाहेरचा माणूस कशाला? आपला घरचा पेंटर आहे की! टाळ्या पडल्या. 'आपला घरचा' एवढंच कानात राहिलं. पुढचं न ऐकताच उभा राहून हो म्हणून बसलो.
जिना रंगवायचा आहे. फिकट पिवळा, दोन हात. शिडी ते देणार आहेत.