दळणारीची मान

बुधवार, ता. ३० नोव्हेंबर १९३८, लोणावळे

आधी दुरुस्ती. परवा इथे पोहोचल्यावर आनंदाच्या भरात जे पान लिहिले, त्यात ‘मावळदर्शनातली दळणारी बाई मान खाली घालून बसली आहे’ असे वाक्य आहे. ते चूक आहे. आज चांगल्या उजेडात पाहिले. त्या पुतळीची मान वर आहे आणि ती सरळ समोर बघते. वडिलांनी, म्हणजे नानांनी, घरी शिकवताना पहिल्याच वर्षी सांगितले होते की चूक खोडायची नाही, खाली दुरुस्ती लिहायची. म्हणून हे.

बाकी सारे परवाप्रमाणेच छान. मी शाळेत कधी गेले नाही, जे येते ते नानांच्या पुढ्यात बसून शिकले, आणि तरी आनंदविहार बागेने मला माहितीपुस्तक लिहायला बोलावले! तळेगावात कुणाचा विश्वास बसेना. तिकीटघराच्या माडीवर मला खोली दिली आहे. खिडकीतून सगळी बाग दिसते: मुलांची आगगाडी, चक्रीपाळणे, वाकडेतिकडे दाखवणारे आरसे, नौकाविहाराचे तळे. मालक दिगंबरपंत म्हणाले की या चार ठिकाणी लोक आपोआप जातात, त्यांच्यासाठी लेखिका कशाला हवी? मी लिहायचे ते लोकांच्या नजरेतून सुटणाऱ्या जागांबद्दल. नाताळात मुंबईची मंडळी येतील, त्याआधी पुस्तक छापून हवे.

शनिवार, ता. ३ डिसेंबर

सुटणाऱ्या जागा मी शोधते आहे. आरशांच्या मागच्या भिंतीला कान लावला की पलीकडच्या टोकाचे कुजबुजणे ऐकू येते, हे कुणाला ठाऊकच नाही. गुलाबांच्या वाफ्यात दगडी छायाघड्याळ आहे, त्यावर लोक टोप्या ठेवतात. आणि बांबूच्या बेटामागे मावळदर्शन.

मावळदर्शन म्हणजे खऱ्या मापाचे खेडे. कुडाच्या तीन झोपड्या, गवताने शाकारलेल्या. ओटीवर माणसे: भात झोडणारा, घोंगडी विणणारा आणि जात्यावर दळणारी. बांबू आणि पेंढ्यावर कागदाचा लगदा चढवून पेणच्या कारागिराने ती घडवली. घोंगडीवाल्याचे नाक फुटले आहे आणि त्याच्या तोंडात कुणीतरी विडीचे थोटूक खोचले होते. ते मी काढले. दळणारी मात्र इतकी हुबेहूब आहे की मी आधी पदर सावरून बाजूला झाले. तिचे लुगडे खरे आहे, वापरलेले. कपाळाला ताजे कुंकू.

कुंकू झाडणारी बयाबाई लावते. म्हातारी रोज सकाळी पहिली इथे येते, पुतळीचे तोंड ओल्या फडक्याने पुसते, कुंकू लावते आणि मग झाडायला घेते. मी विचारले, तर माझ्या चष्म्याकडे बघून म्हणाली, “बाये, तू तुजी अक्षरं पूस. मी माजं पुसते.” मला हसू आले. उत्तर बरोबरच होते.

मंगळवार, ता. ६ डिसेंबर

आज संताप झाला. पुण्याहून आलेल्या टोळक्यातल्या एकाने दळणारीचा पदर ओढला आणि म्हणाला, “काय वहिनी, पीठ झालं का?” सगळे हसले. बयाबाई केरसुणी उगारून धावली. दिगंबरपंतांनी पाहिले आणि दम दिला तो बयाबाईला. पाहुण्यांवर झाडू उचलायचा नाही म्हणे. मी म्हटले की चूक पाहुण्यांची होती. ते हसून म्हणाले, “अनसूयाबाई, तुम्ही लेखिका आहात की फौजदार?”

माझे पान त्यांनी सुधारले. ‘दळणारी बाई समोर पाहते’ एवढेच मी लिहिले होते. त्याचे त्यांनी ‘आनंदाने गात दळण दळणारी हसरी मावळकन्या’ केले. ती हसत नाही. मी तसे सांगितले. ते म्हणाले, हसते असे छापले की लोकांना हसताना दिसते.

पुन्हा एक दुरुस्ती. ती समोर पाहते असे लिहिले होते. आज तिची मान डावीकडे, वाटेकडे वळलेली होती. पदर ओढल्याने वळली असेल. लगद्याची मान वळते का, ते मात्र ठाऊक नाही.

शुक्रवार, ता. ९ डिसेंबर

जात्याची वरची तळी आज मी उचलून पाहिली. पुतळे कागदाचे असले तरी जाते दगडाचेच आहे. आत माती होती. ओली, पिवळी, चिकण, बारीक दळलेली. इथली माती तांबडी. पिवळी मी एकाच ठिकाणी पाहिली आहे: तळ्याच्या बांधावर.

पोरांचा खोडसाळपणा, असे आधी वाटले. पण खुंटा ओला होता, नुकता हात काढल्यासारखा.

बयाबाईला दाखवले. तिने माती पदरात घेतली, हुंगली, आणि खाली बसली. मग हळूहळू सांगू लागली. ही पुतळी तिची लेक कस्तुरा. बाग उभी राहत होती तेव्हा कस्तुरा बांधावर पाट्या वाहायची. दुपारच्या सुट्टीत पेणचा कारागीर तिला समोर बसवून घडवायचा. पोर हसून लोळायची, “आये, मला द्येव करतायत,” म्हणायची. पुतळी होत आली, फक्त डोळे राहिले. ते सगळ्यात शेवटी करतात. त्याच दिवशी कस्तुरा नाहीशी झाली. मालकांनी गावात सांगितले की रेल्वेच्या एका मजुराबरोबर पळाली. नवऱ्याने दुसरी केली. भाऊबंदांनी बयाबाईच्या घरचे पाणी सोडले. कारागीर डोळे न करताच निघून गेला.

मग डोळे कुणी केले, असे मी विचारले.

“म्या,” म्हणाली. “घरचं काजळ घालून. कुटं बी असंल, तिला आय दिसावी म्हून.”

सोमवार, ता. १२ डिसेंबर

नावाडी नथू बाग उभी राहत होती तेव्हाही इथे होता; त्याला मी बांधावर गाठून कस्तुराचे विचारले. आधी त्याने चेष्टेवर नेले: बाई, नाव हवी तर चढा, नसली तर सुटा. मी हललेच नाही. मग त्याने खाली बघत सांगितले. दुपारी बांधाची कड खचली. पाटी वर आली. माणूस आला नाही. चार गडी उकरायला धावले, तर मालक म्हणाले, हात लावाल तर सगळा बांध येईल. अक्षय्यतृतीयेला बाग उघडायची होती. त्याच दिवशी वर नवा भराव टाकला. तोंड उघडेल त्याला काम नाही.

त्याच बांधावर आता कण्हेरी लावल्या आहेत. लोक तिथे बसून शेंगा खातात. माझ्या पुस्तकात ‘तळ्याकाठची निवांत बैठक’ म्हणून ती जागा मी घेतली आहे. सुटलेली जागा!

मी थेट दिगंबरपंतांकडे गेले. कस्तुरा बांधाखाली आहे ना, असे सरळ विचारले. त्यांनी नाकबूलसुद्धा केले नाही. चहा ढवळत म्हणाले, उकरले असते तर मेलेलीच निघाली असती ना? मग तिच्यासाठी पन्नास माणसांचे काम कशाला थांबवायचे? आणि पळाली म्हटले की आई निदान आशेवर तरी जगते. यात मी काय वाईट केले, ते तुम्हीच सांगा.

चहाचा कप त्यांच्या अंगावर फेकावा असे वाटले. फेकला नाही. नानांचे औषध माझ्या पगारावर चालते, हे त्यांना माहीत आहे. मलाही आहे. म्हणून राग आणखी आला.

गुरुवार, ता. १५ डिसेंबर

दुपारी खोलीत लिहीत बसले होते. खालून जात्याची घरघर आली. खाली तिकीटघर आहे. तिथे जाते नाही.

खिडकीतून पाहिले. बांबूच्या बेटापलीकडे ओटीचा एक तुकडा दिसतो. दळणारीचे तोंड माझ्या खिडकीकडे होते.

घरघर चालूच. मग ओवी. आवाज बाईचा, तोंडात काहीतरी भरल्यासारखा—

दळिते मी बाई, पडं पिठाजागी माती
माझ्या नावानं गं आये, लाव येक तरी वाती

मी कान झाकले. ओवी तरीही ऐकू येत राहिली.

शनिवार, ता. १७ डिसेंबर

पुस्तकाची कच्ची छपाई आली. ‘हसरी मावळकन्या’ तसेच ठेवले आहे. मी ते पान टेबलावर ठेवून हात धुवायला गेले. परतले तर त्या एकाच ओळीवर पिवळ्या मातीची पाच बोटे. ओली.

दौतीत शाई नाही, चिखल आहे.

भीती वाटते. पण लिहिताना ध्यानात आले की भीतीपेक्षा राग मोठा आहे. तिचा की माझा राग, ते आता मला वेगळे करता येत नाही.

नाना सांगत की ज्याचे प्रेत सापडत नाही, त्याचा पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी देतात. मग तो सुटतो. हिचा पुतळा आहे. तिच्याच मापाचा, तिच्याच लुगड्यातला. आईने त्याला डोळे दिले. अग्नी मात्र कुणी दिला नाही.

मंगळवार, ता. २० डिसेंबर

बयाबाईला सांगितले— बांधाचे, नथूचे, सगळे. ती ओरडली नाही. माझ्या तोंडावर थुंकली. म्हणाली, माझी पोर पळाली, कुठंतरी नांदते, तिला चार लेकरं झाली असतील. तू कोण मारणारी? तुझी अक्षरं घाल चुलीत.

थुंकी पुसली. तिचे बरोबर आहे. मी तिच्याकडून जिवंत लेक काढून घेते आहे.

पण ओटीवर बसलेली ती—

तिचे दोन्ही हात आज खुंट्यावर नव्हते. पुढे केलेले होते. तळवे वर.

बुधवार, ता. २१ डिसेंबर

पाहुण्यांनी तक्रार केली, पुतळी बघते म्हणून. दिगंबरपंतांचा हुकूम: नाताळची गर्दी ओसरली की सोमवारी पुतळी तळ्यात बुडवायची. कागदच तो, विरघळेल. गणपतीसारखे विसर्जन करू, म्हणाले आणि स्वतःच हसले.

पुन्हा त्याच तळ्यात. पुन्हा त्याच चिखलात. एकदा पुरून या माणसाचे पोट भरले नाही.

खोलीच्या जमिनीवर मातीचे कडे आहे. जात्याभोवती पीठ सांडते तसे. मध्ये बसण्यापुरती जागा कोरडी.

गुरुवार, ता. २२ डिसेंबर

दुपार. घरघर आता खालून येत नाही. खोलीतच आहे. पाठीमागे.

वळत नाही.

लुगड्याचा ओला वास. मान वळल्याचा आवाज— कागद चुरगळल्यासारखा—

मी मोठ्याने म्हटले, तुझ्यावर माझा राग नाही. तिने दळणे थांबवले नाही. मी म्हटले, खोटी ओळ मी छापू देणार नाही. ती दळतच राहिली.

काय पाहिजे तिला, मला माहीत आहे. माझ्या एकटीच्या हातात ते नाही. आईने म्हटले पाहिजे—

शुक्रवार, ता. २३ डिसेंबर

बयाबाई जिना चढून आली. दारातच थांबली. तिलाही ऐकू आले असावे. माझ्या पाठीमागे बघत राहिली. मग लहान मुलीशी बोलावे तसे म्हणाली, “लय दळलंस गं माजे बाय. ऱ्हाऊ दे आता.”

घरघर मंदावली.

म्हातारीच्या पदरात पळसाची पाने होती. खाली जमिनीवर ओतली. डोळे कोरडे. मला म्हणाली, “मगाशी तिचं काजळ पुसाया गेलते. हात न्हाई झाला. ते जळंल तवाच जाऊ दे. इस्तू म्या लावते. तू नाव घे. म्होटं नाव घे, समद्यास्नी ऐकू गेलं पायजे. पळाली न्हाई म्हनावं. मेली म्हनावं. कुटं मेली, कुनी पुरली, ते बी सांग.”

मी होय म्हटले. नानांना सगळे लिहून टाकले आहे. नोकरी जाईल. औषधाचे काय ते बघू. फौजदार आला तर त्यालाही तेच सांगेन— बांध उकरा.

बयाबाई खाली गेली.

जाते थांबले आहे. पहिल्यांदाच पूर्ण थांबले आहे. ती गेलेली नाही. मानेवर गार श्वास लागतो आहे, ओल्या मातीचा. माझ्या खांद्यावरून ती वाचते आहे. तिला वाचता येत नव्हते, बयाबाई म्हणाली होती. म्हणून मोठ्याने म्हणत लिहिते—

कस्तुरा, ऐक. खोडणार नाही, बदलणार नाही. मावळदर्शनाच्या ओटीवर, भर दुपारी, सगळ्या पाहुण्यांच्या आणि त्या माणसाच्या देखत, तुझी आई तुला अग्नी देईल आणि मी तुझे नाव— हात सोड, लिहू दे— रविवारी, ता. २५ डिसें—