एकतीस फोटो कमी

नांदेड

प्रिय रविकिरण,

पत्र पाहून दचकू नकोस, इकडे सगळे बरे आहेत. आपल्या फोटो स्टुडिओसमोरचा चहावाला अजून विचारतो, "तुमचा लातूरवाला हाय का जित्ता?"

आपल्या मालकांनी, अण्णांनी, जुना मॅक कॉम्प्युटर अखेर काढून टाकायचं ठरवलं. विंडोजचे दोन नवे कॉम्प्युटर आलेत. नऊ वर्षांची लग्नं, बारशी, सगळं इकडून तिकडं न्यायचं काम माझ्याकडं आलं. आठ दिवस मला घास गोड लागला नाही. तू शिकवलंस तसंच केलं. कट करायचं नाही, कॉपी करायची. एकेक वर्ष घ्यायचं, दोन्हीकडचे आकडे वहीत लिहायचे आणि जुळल्याशिवाय जुनं पुसायचं नाही. अकरावीत नापास झालेल्या माझ्या हाताला धरून तू माउस फिरवलास. माझं शुद्धलेखन बरं म्हणून अल्बमवरची नावं माझ्याकडं दिलीस. तेव्हापासून मला कुणी 'काही येत नाही' म्हणालं नाही.

तीन वर्षांपूर्वीचं मात्र मी कधी कागदावर आणलं नव्हतं. चाकूरच्या शेषेरावांच्या मुलीचं, दीपमालाचं लग्न. फोटोंची डिस्क मॅकवरची होती, मी ती बाहेरच्या एका विंडोज कॉम्प्युटरला लावली. फॉरमॅट करायचं का, असं पडद्यावर आलं. मी इंग्रजीतलं एकेक अक्षर वाचलं, अर्थ लागला नाही आणि 'येस' दाबलं; डिस्क कोरी झाली. तोवर कॅमेऱ्याची कार्डंही पुसून झाली होती. त्याच आठवड्यात शेषेराव अचानक वारले. त्यांच्या पत्नी सरजाबाई अल्बम मागायला आल्या, तेव्हा देण्यासारखा एक फोटो आपल्याकडं नव्हता. कुणी केलं, असं अण्णांनी विचारलं आणि मी तोंड उघडायच्या आत तू 'माझ्या हातून झालं' म्हणत उभा राहिलास. त्या बाई पायरीवर बसून तुला जे बोलल्या, ते मी आत उभा राहून ऐकलं. काम सोडून जाताना बसस्टँडवर तू एवढंच म्हणालास, "मल्ल्या, मला कुठंबी काम मिळंल. तुला कोण ठेवून घेईल?"

परवा त्याच वर्षाचे आकडे जुळेनात. मॅकवर ९,४१८, इकडं ९,३८७. एकतीस कमी. तीनदा कॉपी केली, तरी एकतीसच. मग कळलं, विंडोजला फाइलच्या नावात प्रश्नचिन्ह चालत नाही. आणि आठवलं, अल्बमात घ्यावा की नाही अशी शंका असली की फोटोच्या नावापुढं तू प्रश्नचिन्ह टाकायचास. डिस्क जायच्या आधीच तू असे फोटो वेगळे काढलेलं 'अण्णांना विचारायचे' नावाचं फोल्डर मॅकवर तसंच होतं; त्या गडबडीत ते तुलाही आठवलं नसावं. मी एकेक चिन्ह काढून फोटो उघडले. सगळे चाकूरचे. एकात शेषेरावांचे डोळे मिटलेले, एकात ते व्याह्यांच्या ताटात जिलबी ढकलतायत, एकात मांडवामागं एकटेच उपरण्यानं तोंड पुसतायत.

मी तसाच अण्णांकडं गेलो आणि डिस्क माझ्या हातून गेली होती, हे सांगितलं. अण्णांनी हातातली लेन्स खाली ठेवली. मग म्हणाले, "तीन वरसं भाकर कशी गिळलीस रे?" आणि थोड्या वेळानं, "जा. आधी चाकूरला जा."

काल त्या फोटोंच्या प्रिंट घेऊन एसटीनं गेलो. सरजाबाईंनी मांडवामागचा फोटो कितीतरी वेळ हातातून खाली ठेवला नाही. माझी कबुली ऐकून त्यांनी ताट वाढलं आणि जेवल्याशिवाय मला उठू दिलं नाही. निघताना म्हणाल्या, "त्या लातूरच्या पोराला मी लई वंगाळ बोलले. त्याला सांग, माझं बोलणं मी माघारी घेतलं."

हे त्यांचे शब्द, जसेच्या तसे. तेवढ्यासाठीच हे पत्र. फोनवर सांगता आलं असतं, पण ते तुझ्याजवळ कागदावर असावेत असं वाटलं. पत्राची एक झेरॉक्स माझ्या वहीत ठेवलीय. मिळालं की कळव. तुझ्याकडं पोचल्याचं समजेपर्यंत मी इकडचं काही पुसणार नाही.

तुझाच,
मल्लेश