शनिवारच्या आधी आलेला सोबती

३ मे
इराक्लियोहून बसने गावात पोचले. पाठ अवघडली आहे, पण मन हलकं आहे. क्रीट बेट या टोकापासून त्या टोकापर्यंत पायी चालायचं, हे माझं जुनं वेड. आर्गिरोमावशींच्या घरची माडी भाड्याने घेतली आहे. त्यांनी दाकोस, म्हणजे टोमॅटो-चीज घातलेला कडक पाव, आणि राकी ही इथली दारू पुढे ठेवली आणि विचारलं, “रस्ते बांधलेत ना सरकारनं? मग पायांनी काय पाप केलंय, पोरी?”
सोबतीला गिर्यारोहण मंडळातले पोलिदोरोस आहेत. ओळख फक्त फोनवरची. ते शनिवारी येतील.

५ मे
दिवसभर नकाशा पसरून झरे, मेंढपाळांच्या दगडी झोपड्या, मुक्काम यांच्या खुणा केल्या. सिफिस मेंढपाळ खिंडीवरच्या झोपडीवर बोट ठेवून म्हणाला, “ही खोडून टाक. तिथल्या विहिरीला आमची मेंढरं तोंड लावत नाहीत.” कारण विचारलं तर म्हणाला, मेंढरांनाच विचार. वर अजून बर्फ आहे. कळप चढलेले नाहीत.

६ मे, गुरुवार
पोलिदोरोस आजच आले. बसने नाही, डोंगराकडून, पायी. सकाळपासून पाऊस आहे, तरी त्यांचे बूट कोरडे. बोलणं मऊ, पहिल्यापासूनच अरेतुरे. डोंगराची खडान्‌खडा माहिती. नावाने हाक मारली तर वळत नाहीत. नुसतं “अहो” म्हटलं की वळतात.
जेवले नाहीत. मावशी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या नाहीत. नंतर हळूच विचारलं, “तो आपणहून आत आला, की तू बोलावलंस?”
मी बोलावलं, म्हटलं. त्यांनी छातीवर क्रुसाची खूण केली आणि भांडी घासत राहिल्या.

७ मे, सकाळ
पोलिदोरोसनी माझा आराखडा बदलला आहे. झऱ्यांवरून जाणारी वाट काढून टाकली. सगळे मुक्काम खिंडीवरच्या झोपडीकडे वळवले. म्हणाले, आज तेवढी पाहून येऊ, संध्याकाळच्या आत परत.
मावशी दारात आडव्या उभ्या राहिल्या. “नको जाऊस.” बाकी काही सांगेनात. मला हसू आलं. आता वाटतं, हसायला नको होतं.

दुपार
धुकं. ते पुढे, मी मागे. थांबत नाहीत. दमही लागत नाही त्यांना.
बर्फावर मागे वळून पाहिलं — माझ्या एकटीच्याच पावलांची ओळ.

झोपडीत
भिंतीला टेकवून पाठपिशव्या ठेवल्या आहेत. खूप. काही जुन्या, चामड्याच्या. एक अगदी नवी, ओली.
फोनला क्षणभर रेंज आली. पोलिदोरोसचा निरोप: “उद्या दुपारी पोचतो. वर धुकं आहे म्हणतात, तुम्ही एकट्या जाऊ नका.”

हा दारात बसलाय. पाठ माझ्याकडे. दुसरं दार नाही — खिडकीतून हात जेमतेम —

मावशींना फोन — लागत नाही

उठला. विचारतोय, काय लिहितेस. म्हटलं, पाण्याच्या जागा.
म्हणतो, पाणी आता लागणार नाही तुला. वही इकडे