सर्व्हरला घातलेला हार

४ सप्टें.
दवाखान्याच्या नव्या सॉफ्टवेअरचा फॉर्म माझ्याकडे, कॉम्प्युटरचं सगळं मीच बघते. प्रोग्रॅम आणि पेशंटचा डेटा एकाच सर्व्हरवर की दोन वेगळ्या? लॅबची शबाना म्हणाली, "दोन घे गं. डेटाचा माझ्या लॅबमध्ये ठेव, एसी आहे. एक बसला तर दुसरा तरी राहील." मी 'एकच' लिहिलं. डॉक्टरसाहेबांनी न वाचता सही केली. दोन मशीन सांभाळायचा मला कंटाळा, बाकी काही नाही.

१५ सप्टें.
सगळं चढवलं. डायलिसिसवाल्यांचे जुने रिपोर्टसुद्धा. जुन्या कॉम्प्युटरमधलं सगळं पुसून तो काउंटरला दिला. बॅकअप तूर्त त्याच सर्व्हरवर, नंतर बघू. उमरग्यात असं कुणाकडे नाही म्हणून दिवसभर मिरवले.

खंडेनवमी
शिपाई भानुदासकाकांनी ॲम्ब्युलन्सपासून सगळी यंत्रं पुजली. सर्व्हरला झेंडूचा जाड हार. पंख्याची जाळी झाकली गेली, मी पाहिलं. "ताई, हेच्यात समद्या पेशंटचा जीव हाय." एवढं म्हटल्यावर काढा म्हणायचं जिवावर आलं. जाताना काढू म्हटलं. पेढा खाल्ला, विसरले.

दसऱ्याचा दुसरा दिवस
खोली भट्टीसारखी. सर्व्हर बंद. सोलापूरहून इंजिनिअर आला. डिस्क गेली, काही निघणार नाही म्हणाला. "बॅकअप कुठंय मॅडम?"
त्यातच.

६ ऑक्टो.
पंख्यात पाकळ्या सापडल्या, मग काय. केबिनमध्ये काका हात जोडून, "माज्याच हातानं झालं, सायेब." साहेब म्हणाले, उद्यापासून येऊ नका. मी शेजारीच उभी होते. लॅबमध्ये दुसरं मशीन असतं तर डेटा वाचला असता, हे तिथं फक्त मला आणि शबानाला माहीत. ती दारातून माझ्याकडे बघत राहिली. तोंडच उघडलं नाही माझं. फार लाज वाटते.

१३ ऑक्टो.
पेशंटकडच्या कागदांवरून जुने रिपोर्ट पुन्हा टाइप करतोय. एका आजींकडे एकही कागद नाही. "समदं तुमच्याकडंच व्हतं की बाई." बाथरूममध्ये जाऊन रडले.

१७ ऑक्टो.
काका आले. पिशवीत रिपोर्ट. पेशंटची घरं त्यांना ठाऊक, एस्टीनं गावोगाव फिरून गोळा करतायत. "ह्ये चार घरचे. उद्या मुरूमला जातो." कशाला म्हटलं. "पाप माजं हाय, ताई." मी पिशवी घेतली. तेव्हाही बोलले नाही.

२४ ऑक्टो.
पुन्हा तोच फॉर्म. 'दोन वेगळे, डेटाचा लॅबमध्ये' लिहिलं. खाली रकाना, आधीच्या बिघाडाचं कारण. 'हार' लिहून खोडलं. खरं लिहिलं तर नोकरी जाईल, आणि घरात कमावती मी एकटी, आईचं...
काका बाहेर बाकावर बसलेत, मांडीवर मुरूमहून आणलेल्या रिपोर्टची पिशवी. मघाशी विचारत होते, "सायेब परत घेतील का वो, ताई?"
साहेब अकराला येतात. पावणेअकरा झालेत. रकाना कोराच आहे.